भित्र्या कुत्र्याची संमती

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही म्हण आपल्या घराघरांत इतक्या सहजपणे उच्चारली जाते की, ती ज्या प्राण्याविषयी आहे त्याच्याकडे वळून पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. शेपूट वाकडे असणे हा त्याच्या शरीराचा धर्म आहे. त्यात नळीचाही दोष नाही आणि कुत्र्याचाही नाही. भीतीची गोष्ट मात्र निराळी. ती काही अंशी जन्मतः येते, पण बरीचशी अनुभवाने येते. आणि जी अनुभवाने आली ती निराळ्या अनुभवाने पुष्कळ कमी करता येते. घरी पाळलेला कुत्रा औषध घालण्यास, कान पुसण्यास, नखे काढण्यास किंवा लस टोचण्यास अंगाला हात लावू देत नसेल, तर त्यास न दरडावता, न बांधता, न दाबून धरता हे सारे त्याच्या राजीखुशीने कसे करून घ्यावे, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

विषय क्षुल्लक आहे असे कित्येकांस वाटेल. ज्या घरात म्हातारी माणसे आहेत, पाळण्यातली मुले आहेत, एका स्वयंपाकघरातून दहा ताटे वाढली जातात, तेथे कुत्र्याच्या मनाचा विचार करण्यास कोणास वेळ आहे? पण नेमक्या अशाच घरात त्याची गरज अधिक आहे. हात लावू न देणारा कुत्रा हा आज ना उद्या आजारी पडणारा, व आजारात दंश करणारा कुत्रा होय. आणि भरल्या घरात दंश कोणास होईल याचा नेम नसतो.

आमच्या गोवंडीच्या परिसरात कुत्र्यांची वस्ती दाट आहे, आणि तिला कारणेही आहेत. शेजारच्या देवनार येथे १९२७ सालापासून शहराचा कचरा येऊन पडू लागला. १९७१ साली तेथेच महानगरपालिकेचा मोठा कत्तलखाना सुरू झाला. जेथे अन्न तेथे कुत्री, हा सृष्टिक्रमच आहे. पावसाळ्यात जिन्याखाली, दुकानांच्या फळ्यांखाली कुत्री वितात. मुले त्यांतले एखादे पिल्लू उचलून घरी आणतात. आईबाप चार दिवस रागावतात आणि पाचव्या दिवशी बशीत दूध ओततात. आमच्या इमारतींतील निम्म्याअधिक कुत्री या मार्गानेच गृहस्थाश्रमात आलेली आहेत. मुंबईकरांचे व कुत्र्यांचे नाते तसे जुनेच. १८३२ साली सरकारने भटकी कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा पारशी मंडळींनी कोटात मोठा दंगा केला, हे या शहराच्या इतिहासात नमूद आहे. पुढे परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे पशुरुग्णालय उभे राहिले, आणि १८८६ साली तेथेच पशुवैद्यकाचे महाविद्यालयही निघाले. सारांश, वैद्यांची वाण या शहरात नाही. अडचण आहे ती रोग्याकडून. वैद्य आहे, औषध आहे, पैसेही आहेत. पण रोगी हात लावू देत नाही.

मुंबईच्या हवेत या अडचणीचा जाच विशेष होतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत दमटपणामुळे कुत्र्यांचे कान पिकतात. गोचिड्यांपासून होणारा ताप येथे सर्रास आढळतो, व तो वेळीच ओळखला न गेल्यास प्राणावर बेततो. आणि गोचिडी शोधावयाची तर कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यांत हात घालावा लागतो. फरशीवर चालणाऱ्या कुत्र्याची नखे झिजत नाहीत. ती वाढून पंजात रुततात. पिसाळरोगाची लस तर पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर व पुढे वैद्य सांगतील त्या क्रमाने टोचून घ्यावीच लागते. यांपैकी एकही गोष्ट कुत्र्यास स्पर्श केल्यावाचून होत नाही.

आता भीती म्हणजे काय ते पाहू. महाभारताच्या आदिपर्वात, जनमेजयाच्या सत्रात एक कुत्रे येते, त्याची कथा आहे. ते देवशुनी सरमेचे पिल्लू. जनमेजयाच्या तिघा भावांनी त्यास मारले. ते रडत आईकडे गेले. आईने विचारले, तू हविर्द्रव्याकडे पाहिलेस का, त्यास तोंड लावलेस का? ते म्हणाले, नाही. तेव्हा सरमा यज्ञमंडपात आली आणि तिने एकच प्रश्न केला: याने काही अपराध केला नसता यास का मारले? कोणी उत्तर दिले नाही. मग तिने शाप दिला, तो असा की, ज्याची चाहूलही लागणार नाही असे भय तुमच्यावर येईल. शापांची आपल्या पुराणांत वाण नाही, पण हा शाप मला फार मार्मिक वाटत आला आहे. निरपराध कुत्र्याच्या मनात जे उत्पन्न झाले, तेच तिने मारणाऱ्यांच्या पदरात घातले. कारण न कळता मार बसला म्हणजे जे मागे राहते त्याचे नाव अदृष्ट भय. मग प्रत्येक उचललेला हात, प्रत्येक बाटली, प्रत्येक पांढरा डगला हा माराचाच आरंभ वाटू लागतो.

हे भय कुत्रा लपवीत नाही. आपण ते वाचीत नाही. झोप आलेली नसता जांभई देणे, समोर खाणे नसता ओठ चाटणे, मान वळविणे, डोळ्यांचे पांढरे दिसेल अशा रीतीने कडेने पाहणे, शेपूट पोटाशी घेणे, एक पाय उचलून धरणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अंग एकाएकी लाकडासारखे ताठ करणे, ही सर्व त्याची अक्षरे आहेत. ती कोणी वाचली नाहीत म्हणजे तो गुरगुरतो. गुरगुरणे हा उद्धटपणा नसून ती शेवटची विनंती होय. पुष्कळ घरांत गुरगुरल्याबद्दल कुत्र्यास फटका बसतो. त्याचा परिणाम असा होतो की, तो गुरगुरणे सोडतो आणि भीती तशीच ठेवतो. पुढल्या खेपेस सूचना न देता एकदम दात लावतो, आणि मग आपण म्हणतो, काही कारण नसता चावला!

भीती घालविण्याचा मार्ग कोणता, याचा विचार मानसशास्त्राने पुष्कळ केलेला आहे. रशियातील पावलॉव्ह या शास्त्रज्ञास १९०४ साली पचनक्रियेच्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्याच्या तोंडास खाण्याच्या नुसत्या पूर्वसूचनेने लाळ सुटते, म्हणजे एक गोष्ट दुसरीची वर्दी देऊ लागली की शरीर त्या वर्दीलाच उत्तर देते, हे त्यांनी दाखविले. त्यानंतर १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या विदुषीने पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तो मुलगा सशास अतिशय भीत असे. त्यास आवडीचे खाणे देत असता पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दूरच्या बाजूस ठेवीत, आणि तो जसजसा निर्धास्त होई तसतसा ससा पावलापावलाने जवळ आणीत. अखेरीस पीटरने सशाकडून आपली बोटे कुरतडून घेण्यापर्यंत मजल गेली. मधल्या काळात एक विघ्न मात्र आले होते. मुलगा आजारी पडून रुग्णालयात गेला, व तेथून परत येण्याच्या वेळी एक मोठा कुत्रा अंगावर आल्याने फार घाबरला. परिणामी सशाविषयीची भीतीही होती तशी परत आली. जोन्सबाईंनी पुन्हा आरंभापासून सुरुवात केली. ही विघ्नाची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी; तिचे काम पुढे पडणार आहे.

येथवर झाले ते भीती कमी करण्याचे शास्त्र. यापुढची पायरी संमतीची. ती प्रथम चांगली ओळखीची झाली जलचर प्राण्यांच्या संग्रहालयांत. डॉल्फिनास दावे लावता येत नाही. त्यास जे नको असेल ते टाळून तो सरळ पोहत निघून जातो. तेव्हा रक्त तपासण्यासाठी त्याने आपण होऊन शेपूट काठाशी आणून धरावे, अशी विद्या तेथील शिक्षकांस शोधावीच लागली. पुढे ती प्राणिसंग्रहालयांत आली. नेपाळात काम करणाऱ्या हत्तींनी क्षयाच्या तपासणीसाठी सोंडेत पाणी घेऊन ते परत भांड्यात सोडावे, हे अंकुशावाचून, केवळ खाऊ देऊन शिकविल्याचा प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला आहे. कुत्र्यांसाठी चिराग पटेल नावाच्या इंग्लंडातील श्वानशिक्षकांनी एक सोपी युक्ती प्रचारात आणली. खाऊने भरलेले भांडे कुत्र्यासमोर ठेवावयाचे. तो भांड्याकडे पाहत आहे तोवर हात लावावयाचा. त्याने नजर काढली की हात थांबवावयाचा. भांड्याकडे पाहणे म्हणजे 'चालू द्या', नजर काढणे म्हणजे 'थांबा'. एवढी दोन अक्षरी भाषा कुत्र्याच्या हाती दिली की, त्यास दातांची भाषा वापरण्याचे कारण उरत नाही.

या विद्येचा प्रयोग मला शेजारच्या बिऱ्हाडात पहिल्या दिवसापासून पाहावयास मिळाला, तो येथे सांगतो. घर आठ माणसांचे: वृद्ध आई, दोन भाऊ, दोघी जावा व तीन मुले. कुत्रा मोत्या, वय वर्षे दोन, रंगाने तांबूस, जन्माने रस्त्यावरचा. एका पावसाळ्यात त्याचे दोन्ही कान पिकले. दवाखान्यात तिघांनी त्यास मेजावर दाबून धरले आणि औषध घातले. औषध योग्य होते. कानास उतारही पडला. पण त्या दिवसापासून डोक्याजवळ हात गेला की मोत्या पलंगाखाली शिरू लागला. पुढल्या वर्षी कान पुन्हा पिकले. धाकटे भाऊ बाटली घेऊन पलंगाखाली वाकले, तेव्हा त्याने त्यांच्या मनगटास दात लावले. जखम किरकोळ होती. परंतु घरात सात वर्षांचा मुलगा आहे. थोरल्या भावांनी सांगितले, महिनाभर पाहू, नाही तर याची दुसरीकडे व्यवस्था करू. दुसरीकडे म्हणजे कोठे, हे कोणीच बोलले नाही, कारण ते सर्वांस माहीत होते. पाळलेले जनावर उपासमारीच्या स्थितीत वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे मी त्यांच्या कानावर घातले. पण खरे सांगावयाचे तर कायद्यापेक्षा त्या सात वर्षांच्या मुलाचे रडणेच अधिक उपयोगी पडले. काम धाकट्या सूनबाईंनी अंगावर घेतले.

पहिली गोष्ट त्यांनी केली ती शिकवणीची नव्हे, वैद्यकाची. दुखत्या कानास शिकवणी लागू पडत नाही. पशुवैद्यांशी अगोदर बोलून, त्यांनी सांगितलेले भीती शमविणारे औषध घरीच देऊन, मग मोत्यास नेण्यात आले. गुंगीत कान स्वच्छ झाले व बरेच दिवस टिकणारे औषध आत घालण्यात आले. ठणका थांबला. आता रोज कानाशी झटापट करण्याचे कारण उरले नाही आणि शिकवणीस मोकळा काळ मिळाला. ज्या वाचकांचा कुत्रा एकाएकी स्पर्श टाळू लागला असेल त्यांनी हा क्रम उलटा करू नये. आधी दुखणे शोधावे, मग स्वभावाची चर्चा करावी.

नंतर जागा ठरली. बाहेरच्या खोलीत, देवघर व स्वयंपाकघर यांपासून दूर, एक जुनी चटई अंथरली, आणि तिच्यावर एक उशी ठेवली. पट्टा नाही, दार उघडे. मोत्यास वाटेल तेव्हा उठून जाण्याची पूर्ण मोकळीक. खाऊ म्हणून पनीराचे हरभऱ्याएवढे तुकडे आणि उकडलेले रताळे. या ठिकाणी एक सूचना आवश्यक आहे. आपल्या घरांत प्रसादाच्या निमित्ताने मनुका-बेदाणे सहज हाती असतात. ते कुत्र्यास विषासमान होत, मूत्रपिंडे निकामी करतात. कांदा व चॉकलेट हीही वर्ज्य समजावीत.

पहिले चार दिवस कानाचे नावही काढले नाही. मोत्याने उशीवर हनुवटी टेकावी, एवढेच शिकविले. हनुवटी टेकली की 'शाब्बास' हा शब्द, आणि शब्दामागोमाग तुकडा. हनुवटी टेकून तो एक श्वास थांबला, मग दोन, मग पाच. तेव्हा मुख्य नियम सुरू झाला. हनुवटी खाली आहे तोवर हात पुढे येईल. हनुवटी उचलली की हात त्याच क्षणी मागे जाईल, रागावणे नाही, आर्जव नाही, 'थोडे राहिले रे' नाही. हा नियम माणसाने एकदा मोडला की कुत्र्याचा विश्वास दहा दिवसांनी मागे जातो.

पायऱ्या अशा होत्या. हात वीतभर अंतरावर हलविणे. खांद्यास क्षणभर स्पर्श. मानेस स्पर्श. कानाच्या मुळाशी एक बोट. कानाची पाळी चिमटीत धरून सोडणे. पाळी उचलून आत पाहणे. कोरडा कापूस लावणे. बाटली नुसती चटईशेजारी ठेवणे. बाटलीचे बूच दूर अंतरावर उघडणे. रिकामी बाटली कानाजवळ आणणे. कोमट पाण्याने भिजविलेला कापूस. आणि सर्वांत शेवटी औषध. प्रत्येक पायरीस स्पर्श आधी व खाऊ मागाहून, हा क्रम कधीही बदलावयाचा नाही. खाऊ आधी दाखवून मग हात लावला तर खाऊच संकटाची वर्दी देऊ लागतो, आणि पनीर पाहून कुत्रा पलंगाखाली पळतो. पावलॉव्हचा नियम दोन्ही बाजूंनी कापतो.

धडा दोन-तीन मिनिटांचा, दिवसातून दोनदा. एका धड्यात दहाबारा आवर्तने. एक पायरी अनेकवार निर्विघ्न पार पडली तरच पुढची. लागोपाठ दोनदा हनुवटी उठली तर एक पायरी खाली. आमच्या शास्त्रकारांनी स्थूणानिखनन न्याय सांगितला आहे. खांब जमिनीत रोवताना तो हलवून पाहतात व पुन्हा ठोकतात, तेव्हा पक्का होतो. कुत्र्याची शिकवणी ही याच न्यायाची. फरक इतकाच की येथे ठोकावयाचे नसते.

एकत्र कुटुंबात अशा शिकवणीस मोठा शत्रू असतो तो म्हणजे आठ माणसांचे आठ नियम. एकाने हनुवटी उचलताच हात मागे घ्यावयाचा, आणि दुसऱ्याने संध्याकाळी कुत्र्यास मिठी मारून कान ओढावयाचे, तर दिवसाची मिळकत रात्री बुडाली. म्हणून सूनबाईंनी सर्वांस वाटण्या करून दिल्या. कानास हात फक्त त्यांनी लावावयाचा. थोरल्या मुलीने वहीत पायरी व दिवस लिहावयाचा. सात वर्षांच्या मुलाने दूर बसून तुकडे मोजावयाचे. लहान मुलांच्या हाती हे काम देऊ नये. भाऊजींनी, म्हणजे ज्यांस दात लागले होते त्यांनी, काहीच करावयाचे नाही. जाता येता न बोलता एक तुकडा चटईवर टाकावयाचा आणि पुढे जावयाचे. त्यांस हे प्रथम अपमानास्पद वाटले. पंधरा दिवसांनी मोत्या त्यांच्या पावलांच्या आवाजास शेपूट हलवू लागला, तेव्हा वाटेनासे झाले.

वृद्ध आईंचे सोवळे कडक. मोत्याने स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडावयाचा नाही, हा त्यांचा नियम कायमच राहिला, आणि तो राहावा हेच बरे. कारण सर्वांनी सारखा पाळलेला नियम कुत्र्यास सुखाचाच असतो. त्या खुर्चीवर माळ घेऊन बसत व लांबून पाहत. तिसऱ्या आठवड्यात शिकवणी एका पायरीवर अडली. पाळी उचलली की हनुवटी उठे, आणि कारण सापडेना. तेव्हा त्याच मला म्हणाल्या, "मास्तर, तिला सांगा, हनुवटी उचलण्याआधी तो ओठ चाटतो. तेव्हाच हात काढला तर उचलणारच नाही." सूनबाईंनी तसे केले. 'थांबा' हे अक्षर आणखी हळू आवाजात बोललेलेही ऐकले जाते, हे मोत्यास कळले, आणि चौथ्या दिवशी पायरी ओलांडली. नातवंडांची अनेक आजारपणे काढलेल्या डोळ्यांस जे दिसते ते पुस्तकात सापडतेच असे नाही.

विघ्न आलेच. गोपाळकाल्याच्या दिवशी रस्त्यावर ध्वनिवर्धकांचा असा गजर झाला की, मोत्या न्हाणीघरात जाऊन बसला व रात्रीपर्यंत बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशी खांद्यासही हात लावू देईना. घरात निराशा पसरली. थोरल्या भावांनी महिना संपत आल्याची आठवण दिली. मी त्यांस पीटरची हकीकत सांगितली. पूर्वीची भीती परत आली म्हणजे शिकवणी वाया गेली असे नसते. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, इतकेच. दोन दिवस चटई गुंडाळून ठेवली, मग अगदी खालच्या पायरीपासून सुरुवात केली. पूर्वी ज्या वाटेस तीन आठवडे लागले होते ती या खेपेस सहा दिवसांत कापली गेली. थोरल्या भावांनी आपण होऊन मुदत वाढविली.

सातव्या आठवड्यात मोत्याने उशीवर हनुवटी ठेवली, सूनबाईंनी पाळी उचलली आणि भिजविलेल्या कापसाने कान पुसला. तो मध्ये एकदा उठला, पाणी पिऊन आला, आणि आपल्या पायांनी परत येऊन हनुवटी टेकली. या विद्येतले सारे रहस्य त्या परत येण्यात आहे. ज्यास जाण्याची मोकळीक आहे तोच परत येऊ शकतो.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, हे नुसते लाड आहेत; धाकावाचून जनावर सुधारत नाही. धाकाने कुत्रा निश्चल बसतो हे खरे. पण निश्चल बसणे आणि निर्धास्त असणे यांत फार अंतर आहे. शाळेत छडीच्या भीतीने गप्प बसलेला वर्ग शिकलेला वर्ग नसतो, हे कोणताही अनुभवी शिक्षक सांगेल. पाणिनीने एका सूत्रात श्वन्, युवन् आणि मघवन्, म्हणजे कुत्रा, तरुण व इंद्र, यांस शेजारी शेजारी बसविले म्हणून जुने पंडित विनोद करीत. व्याकरणाचे कारण निराळे असेल; पण तिघांकडूनही दरडावून काम होत नाही, एवढे साम्य माझ्या मते निश्चित आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कुत्र्यास वाहनाची धडक बसली, रक्त वाहते आहे, तेव्हा त्याची संमती कोण विचारीत बसणार? कोणी बसू नये. प्राणरक्षणाच्या प्रसंगी धरून ठेवणे हेच कर्तव्य होय. मात्र ते शिकवणीच्या चटईवर करू नये. चटई, उशी आणि 'शाब्बास' हा शब्द यांस खोटेपणा कधी लागू देऊ नये; बळाचा प्रसंग निराळ्या जागी, निराळ्या रीतीने पार पाडावा. खाऊ दाखवून बोलाविणे आणि जवळ येताच मानगूट पकडणे, हा प्रकार तर सर्वथा वर्ज्य. अशा प्रसंगांसाठीच मुसक्याची सवय शांततेच्या काळात करून ठेवावी. मुसके टोपलीसारखे जाळीदार असावे, ज्यातून कुत्र्यास तोंड उघडून धापा टाकता येतील व पाणी पिता येईल. कारण धापा टाकणे हाच त्याचा अंग थंड करण्याचा मुख्य उपाय आहे, आणि तोंड घट्ट आवळणारी कापडी पट्टी उन्हाळ्यात घातक ठरू शकते. मुसक्याच्या आत तुकडा ठेवून कुत्र्याने आपण होऊन तोंड आत घालावे, येथून आरंभ करावा. नखांचेही तसेच: दिवसाला एकच नख काढावे, अठराच्या अठरा एका बैठकीत काढण्याची प्रतिज्ञा करू नये.

घरातील मंडळींनी आणखी एक गोष्ट पाठ करून ठेवावी. कुत्रा घरचा असो, लस टोचलेला असो, दात लागून कातडी फुटली किंवा ओरखडा उठला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी वैद्यांस दाखवावी. मिरची, चुना, हळद यांचे लेप लावू नयेत. पिसाळरोगाची लक्षणे उमटल्यावर त्यावर बहुधा काहीच उपाय चालत नाही. लक्षणे उमटण्यापूर्वी मात्र लस हमखास उपयोगी पडते. जो कुत्रा भीतीने अंग ताठ करतो त्याच्यापासून लहान मुलांस दूर ठेवावे, आणि दंश होऊन गेला असल्यास शिकवणीचा आरंभ जाणत्या पशुवैद्याच्या सल्ल्यानेच करावा. या लेखातील पायऱ्या मार्ग दाखवितात. प्रत्येक कुत्र्याची चाल त्याची त्यानेच ठरवावयाची असते. मोत्यास सात आठवडे लागले. दुसऱ्यास तीन लागतील किंवा सहा महिने लागतील.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा भित्रा प्राणी असेल त्यांनी आजच एवढेच करावे. हात पुढे करून वीतभर अंतरावर थांबवावा, आणि त्याच्या तोंडाकडे पाहावे. ओठ चाटतो का, मान फिरवितो का, की तसाच स्वस्थ राहतो? त्याने मान फिरविली तर हात मागे घ्यावा. तुम्ही विचारले व त्याने नाही म्हटले, आणि तुम्ही ते ऐकले. त्याच्या बाजूने पाहता असे यापूर्वी कदाचित कधीच घडलेले नसेल. शिकवणीचा पहिला दिवस एवढ्यावर संपला तरी तो चांगला गेला असे समजावे.